अक्कांची कात्री

कपडे वाळत घालायची दोरी सध्या बंद आहे. मागच्या दाराच्या खुंटीपासून शेवग्याच्या खोडापर्यंत ताणलेल्या या दोरीच्या दाराकडच्या टोकाला शिंजिराच्या मादीनं घरटं टांगलंय, आणि तेव्हापासून आमचे टॉवेल, परकर, शाळेचे शर्ट सगळे गच्चीवर जातात. 'मूठभर पाखरू आणि घरभर त्याचा धाक,' असं सासूबाई रोज एकदा म्हणतात. पण काल गॅसचा सिलिंडर घेऊन आलेल्या पोराला मागच्या दारानं यायला मज्जाव केला तो त्यांनीच.

सकाळचे साडेसहा वाजलेत. वैशाख आहे. सोलापूरच्या पूर्व भागात, अक्कलकोट रस्त्याच्या आतल्या एका गल्लीत आमचं हे परस. एक लिंबू, एक शेवगा, एक कढीपत्ता, कडेनं मेंदी, दोन जास्वंदी आणि कोपऱ्यात हौद. बाग म्हणून पाहुण्यांना दाखवावं असं त्यात काहीच नाही. मागच्या गल्लीतले यंत्रमाग सुरू झालेत. त्यांच्या खटखटीवर आवाज चढवून एक दयाळ पलीकडच्या कडुलिंबाच्या शेंड्यावरून शीळ घालतोय.

मी चहा घेऊन उंबऱ्यावर बसलेय. घरटं माझ्यापासून दोन हातांवर आहे. वितीएवढी लांबट पिशवी, खाली शेपटासारखा लोंबता कचरा, वरच्या अंगाला बाजूनं दार आणि दारावर चक्क छज्जा. सगळा जोड कोळ्याच्या जाळ्याचा. त्या जाळ्यात कडुलिंबाची वाळकी पानं, सालीचे तुकडे, अळ्यांची विष्ठा, शेवग्याच्या बियांचे पातळ पापुद्रे असा काय वाटेल तो माल चिकटवलेला आहे. लांबून बघावं तर वाऱ्यानं दोरीला अडकलेला केर. तसं दिसणं हेच त्याचं संरक्षण. आणि त्या केरात बारकाईनं पाहिलं की तपकिरी पाल्याच्या दोन-तीन कातरणी दिसतात आणि एक गुलाबी दोरा.

पाला आणि दोरा दोन्ही शेजारच्या अक्कांचे. आमच्या दोन्ही घरांच्या मध्ये कमरेएवढी भिंत आहे आणि भिंतीपलीकडच्या कट्ट्यावर अक्का दिवसभर मांडीवर सूप घेऊन विड्या वळतात. पाला भिजवायचा, पत्र्याचा साचा ठेवून कात्रीनं कापायचा, तंबाखू भरायची, वळायची, दोरा बांधायचा. पूर्व भागातल्या कितीतरी तेलुगू घरांतल्या बायकांचं आयुष्य या सुपात गेलंय. घरट्यातला गुलाबी दोरा त्यांना पहिल्यांदा दाखवला तेव्हा त्या पोट धरून हसल्या होत्या. आता दोरा दिसला की एकच वाक्य, "कारखान्याचा माल चोरायलीय बघा."

घरट्याच्या दारात चोच दिसते. बाकदार, काळी. मग पिवळसर गळा. मादी अंड्यांवर आहे. पंधरा दिवस एकटीनं बसायचं, त्याआधी घरही एकटीनंच बांधायचं, असा या जातीतला रिवाज. नर तेवढ्यात विजेच्या तारेवर येऊन बसतो. उन्हाची तिरीप पडताच काळा दिसणारा तो निळा होतो, मान वळवली की जांभळा. पंख उचलून काखेतला पिवळा-नारिंगी झुपका दाखवतो, चिविट-चिविट करून सगळी गल्ली डोक्यावर घेतो आणि जास्वंदीत तोंड खुपसून निघून जातो. पिल्लं झाली की चारा आणायला हातभार लावतो खरा, पण तोवर हे असंच. सासूबाई त्याच्याकडे बघून फक्त 'हं' म्हणतात. त्या एका हुंकारात आमच्या घरातल्या दोन पिढ्यांचे पुरुष येऊन जातात.

चहा संपवून परळ धुवायला घेते. परळ कुंभार वेशीतून आणलेली, पसरट, मातीची, दोन बोटं खोल. मध्ये एक खडबडीत दगड. खोल भांडं कामाचं नाही. चिमणी काठावरून घसरून त्यात पडली तर तिला वर येता येत नाही. दगडावर मधमाश्याही बसतात. कालचं पाणी लिंबाच्या आळ्यात जातं, परळ नारळाच्या शेंडीनं घासायची, ताजं पाणी भरायचं. रोज. एवढ्या उन्हात आठवडाभर पाणी तसंच राहिलं तर पक्ष्यांआधी डासच वाढायचे.

हे 'रोज' सोलापुरात म्हणायला सोपं आहे. शहराचं बरंचसं पाणी भीमेवरच्या उजनी धरणातून शंभराहून अधिक किलोमीटर नळातून येतं, आणि घरच्या नळाला ते सुटतं चार-पाच दिवसांआड. आमचा हौद आज तळाला गेलाय. त्यामुळे हिशोब असा: डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी कढीपत्त्याला, भाजीचं शेवग्याला, आणि पिण्याच्या कळशीतला एक तांब्या परळीला. तो तांब्या शेवटच्या दिवशीही चुकत नाही. पाहुणा अंघोळ करतो म्हणाला तर त्याला आजच्या दिवस थांब म्हणता येतं. सातभाईंना म्हणता येत नाही.

ते आलेच. सात नाहीत, नऊ आहेत. मातकट रंगाचे, फिक्या डोळ्यांचे, कायम भांडण उकरून काढल्यासारखा चेहरा. वाळलेल्या पानांच्या थरात उड्या मारत पानं उलटीपालटी करतात आणि खालचे किडे टिपतात. हा पाचोळा मी झाडत नाही. गल्लीतल्या बायकांनी यावरून मला आळशी ठरवून टाकलंय. पण स्वच्छ झाडलेल्या, फरशी घातलेल्या अंगणात सातभाई उतरत नाहीत, आणि सापसुरळीही राहत नाही. एक तांबूस, गुळगुळीत सापसुरळी आत्ताच पानांखालून निघून विटांच्या फटीत गेली.

सातभाई पाणी पिऊन, अंघोळ करून, अर्धी परळ सांडून जातात. मग होला येतो, एकटा. मान न उचलता एका दमात पितो. बाकीचे बहुतेक पक्षी घोट घेऊन चोच वर करतात. होले-पारवे थेट ओढतात. चिमण्या सर्वांत शेवटी. त्यांच्यासाठी कठड्यावर जोंधळ्याची कणी टाकलेली असते. शिळी चपाती, फरसाण, शेव असलं काही मी टाकू देत नाही. तसं ते सगळं आवडीनं खातात, पण आवडणं आणि अंगी लागणं वेगळं.

शिंजीर परळीवर कधीच येत नाही. त्याची अंघोळ वेगळी. जास्वंदीवर ओंजळभर पाणी शिंपडलं की तो ओल्या पानांत शिरतो आणि अंग पानांवर घासून घेतो. ते पाणी मुळाशीही पोचतं, म्हणजे एकाच ओंजळीत दोघांचं भागतं.

साडेआठ. फोडणीला कढीपत्ता तोडायला येते आणि हात आखडता घेते. कोवळ्या डिरीवर अळी आहे. लहानपणी ही अळी पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते, तपकिरी आणि मध्ये पांढरा डाग. ही मात्र मोठी झालीय, बोटाच्या पेराएवढी, हिरवीगार. काडीनं अलगद स्पर्श केला तर डोक्यामागून नारिंगी रंगाचं दुबेळकं बाहेर काढते आणि कुजक्या लिंबासारखा दर्प सोडते. लिंबू, संत्रं, कढीपत्ता हा एकाच कुळातला पाला. त्यावरच या फुलपाखराचं बाळपण जातं. मोठं झाल्यावर ते काळ्यावर पिवळे ठिपके मिरवत फिरतं आणि सगळ्यांना आवडतं. ते हवं असेल तर आधी ही हवी. मी शेजारची फांदी तोडते. धाकट्याला हाक मारून अळी दाखवते. तो भिंग आणतो, नाक मुरडतो आणि शाळेच्या सुटीतलं पहिलं उपयुक्त काम म्हणून वहीत तिचं चित्र काढतो.

अकराच्या सुमारास मेंदीत एकदम कालवा उठतो.

मेंदीच्या दाट भागात, छातीच्या उंचीवर, लालबुड्या बुलबुलाचं घरटं आहे. तीन पिल्लं. पिसं फुटलीत, आज-उद्या बाहेर पडतील अशी. नर-मादी दोघंही शेंडी फुलवून, फांदीवरून फांदीवर उड्या टाकत ओरडतायत. माझ्या मनात पहिल्यांदा मांजर येतं, मग धामण. काठी घेऊन धावते. मांजर नाही. धामणही नाही. मेंदीत डोकं घालते तर एक पिल्लू घरट्याबाहेर उलटं लोंबतंय. एक पाय वर ताणलेला, पंख पसरलेले, चोच उघडी.

पायाला दोरा आहे. निळा, चकचकीत.

भिंतीपलीकडून अक्का उभ्या राहिल्यात. "काय झालं वैनी? का ओरडायलेत हे?" मी सांगायच्या आत त्यांना सगळं दिसतं. सूप बाजूला ठेवून, साडी खोचून, साठी ओलांडलेली ही बाई भिंत चढून इकडे उतरते. हातात पाला कापायची कात्री.

"आधी वरचा कापून घ्या," मी म्हणते. एका हातानं पिलाला खालून आधार देते, म्हणजे पायावरचा ताण जाईल. दुसऱ्या हातानं फांदी बाजूला धरते. अक्का कात्रीचं टोक घरट्याच्या काठाशी घालतात. कच्च. पिल्लू माझ्या तळहातावर येतं. त्याचं वजन काहीच लागत नाही, लागते ती फक्त ऊब आणि काळजाची धडधड. धाकट्यानं आणलेलं जुनं मलमलचं फडकं मी त्याच्या डोक्यावर टाकते. अंधार झाला की ते धडपडायचं थांबतं.

आता पाय. दोऱ्याचे तीन वेढे आहेत आणि वरच्या वेढ्याशी पाय सुजलाय. घरटं बांधताना आईनं दोरा गवतात गुंफला, पिल्लू लहान असताना त्याचा सैल फास पायात आला, पिल्लू वाढलं तसा फास आवळत गेला. ते बाहेर पडायला निघालं तेव्हा दोरा तुटला नाही. कात्रीचं टोक या वेढ्यात जाण्याजोगं नाही. अक्का कात्री माझ्या मांडीवर ठेवतात आणि अंगठ्याचं नख पुढे करतात. विडीचं तोंड मुडपून मुडपून ते नख कडक झालंय. त्या नखाच्या कडेनं त्या एक वेढा उचलतात, किंचित, केसभर. "आता घाला कात्री." मी घालते. माझा हात थरथरतो, त्यांचा नाही. दुसरा वेढा आपोआप सुटतो. तिसरा कातडीत रुतलाय. अक्का त्यावर पाण्याचा थेंब सोडतात, थांबतात, पुन्हा नख घालतात. त्या पिलाशी तेलुगूत काहीबाही बोलतायत. नातवाचा काटा काढताना बोलतात तोच सूर.

सुटतो. पायावर पांढरट खाच आहे, रक्त नाही. पिल्लू बोटं मिटतं, उघडतं. नखं माझ्या करंगळीत रुततात. म्हणजे पायात जीव आहे.

"हळद लावू?" अक्का विचारतात.

"नको. काही नको."

धाकट्याकडे बुटांचं खोकं तयार आहे. त्यात कापूस घातलाय, ड्रॉपर शोधून ठेवलाय, नाव बहुधा ठरवूनही झालंय. त्याला सांगावं लागतं की पिलाची आई दोन फांद्या पलीकडे बसून आपल्याला शिव्या घालतेय, म्हणजे ते अनाथ नाही. रानपाखरू घरात पाळणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे, हेही सांगते. पण ते त्याला पटत नाही. पटतं ते वेगळंच: दिवसभर दहा-दहा मिनिटाला अळ्या पकडून आणून भरवायचं काम त्याला जमणार नाही. सासूबाई दारातून म्हणतात, "माणसाचा हात लागला, आता आई जवळ घेणार नाही." हा समज महाराष्ट्रभर आहे आणि तो खोटा आहे. वासावरून पिल्लू टाकून देणं पक्ष्यांमध्ये नाही. त्यांना घालवतं ते आपलं तिथंच घुटमळणं.

उरलेला निळा दोरा मी घरट्यातून जेवढा सहज निघतो तेवढा कापून काढते. गवतात घट्ट गुंफलेला भाग तसाच ठेवते. तो ओढला तर वाटीच उसवेल. पिल्लू भावंडांशेजारी बसवते, क्षणभर तळहात झाकणासारखा वर धरते, ते निवतं. मग आम्ही सगळे स्वयंपाकघरात. खिडकीशी चार डोकी. अक्का आमच्या घरात सहसा बसत नाहीत, आज बसल्यात.

बुलबुल येत नाही. शेवग्यावर बसून नुसता ओरडतो. मादी कढीपत्त्यावर उतरते, इकडं-तिकडं पाहते आणि चोचीत काहीतरी घेऊन वर येते. हिरवं, जाड. फांदीवर दोनदा आपटते. धाकटा ओरडतो, "आई, आपली अळी!" आपलीच आहे. ती मेंदीत शिरते. तीन चोची उघडतात की दोनच, इथून दिसत नाही. पण ती रिकाम्या चोचीनं बाहेर येते आणि लगेच परत शिकारीला जाते. धाकट्याच्या वहीत चित्राखाली 'नंतर फुलपाखरू होईल' असं लिहिलेलं आहे. तो ते खोडावं की नाही या विचारात पडतो.

अक्का निळा दोरा उन्हात धरून बघतायत. "माझा नव्हे हा. माझा सुती. ओढला की तुटतो." खरंच तुटतो, त्या कंबरेच्या पिशवीतून गुलाबी दोरा काढून दोन बोटांत ताणून दाखवतात. निळा दोरा त्या दातानं तोडू बघतात, तुटत नाही. पॉलिस्टरचा आहे. पाऊस-पाण्यानं कुजणार नाही, उन्हानं लवकर विरणार नाही. तो कुठून आलाय ते आम्हा दोघींनाही माहीत आहे. मागच्या गल्लीतली खटखट चालूच आहे.

दुपारी परसात काही हलत नाही. पारा त्रेचाळीसवर आहे. हौदाच्या ओल्या कडेला खार चारी पाय पसरून पोट फरशीला टेकून पडलीय, मेल्यासारखी; तशी ती गारवा घेते. कावळा चोच वासून लिंबाच्या सावलीत बसलाय. पक्ष्यांना घाम येत नाही. ते असे धापा टाकून अंगातली उष्णता घालवतात, आणि प्रत्येक धापेबरोबर अंगातलं पाणी जातं. म्हणून परळ खरी लागते ती या वेळेला. मी दुसरा तांब्या ओतते. पाचच मिनिटांत विटांच्या ढिगामागून मुंगूस येतं, लालभडक डोळ्यांनी खिडकीकडे बघतं, पितं आणि जातं.

सासूबाई जमिनीवर पाठ टेकून धाकट्याला गोष्ट सांगतायत. 2006 साली सोलापुरात साहित्य संमेलन भरलं होतं, अध्यक्ष मारुती चितमपल्ली. जन्म इथलाच, 1932 चा. सगळी नोकरी वनखात्यात, जंगलात. आदिवासींकडून, कोळ्यांकडून पाखरांची नावं गोळा करून त्यांनी पक्षिकोश केला. पद्मश्री मिळाली 2025 साली, आणि त्याच वर्षी जूनमध्ये इथंच गेले. "मग त्यांनी अळीचं काय केलं असतं?" धाकटा विचारतो. सासूबाई विचार करतात. "लिहून ठेवलं असतं," म्हणतात.

परसातल्या या सगळ्याचा मला फार अभिमान वाटू लागला की मी नान्नजची आठवण काढते. शहरापासून वीसेक किलोमीटरवर माळढोकाचं अभयारण्य, 1979 सालचं. कागदावर 8,496 चौरस किलोमीटर होतं, म्हणजे गावंच्या गावं त्यात. पुढे ते 1,222 वर आणलं. माळढोक दिसणं मात्र संपल्यात जमा. त्याला गवताचा मोकळा माळ लागतो. परळ ठेवून, पाचोळा राखून तो येत नाही. परसात जगतात ती माणसाच्या घसटीनं जगायला शिकलेली पाखरं. त्यांना वाचवणं सोपं आहे, म्हणून निदान तेवढं तरी नीट करावं.

पाच वाजता ऊन कलतं. मेंदीतून तीन चोची दिसतात. मोजून तीन. मी दोऱ्याचा गुंता कागदात बांधते आणि अक्कांना हाक मारते. अक्का विड्यांचे कट्टे बांधून कारखान्यात जमा करायला निघाल्यात, पण 'वाटेतच आहे' म्हणून बरोबर येतात.

मागच्या गल्लीतल्या यंत्रमाग कारखान्याच्या दारात वेस्टचं पोतं आहे, तोंड उघडं. निळा, लाल, पांढरा दोरा बाहेर सांडून गटाराच्या कडेपर्यंत गेलाय. एक चिमणी त्यातलाच पांढरा धागा ओढतेय. मालक काका बनियनवर बाहेर येतात. आत मागांचा आवाज एवढा आहे की ओरडूनच बोलावं लागतं. मी कागद उघडते. पिलाचं सांगते. ते ऐकून घेतात, चष्मा वर करून दोरा निरखतात.

"बुलबुल म्हणजे कुठलं ओ? ते बुडाला तांबडं असतंय ते?"

"तेच."

"ते तर आमच्या मीटरच्या पेटीवर पण करतंय की दरवर्षी." ते आत वळून कामावरच्या पोराला हाक मारतात, मग माझ्याकडे बघून जरा ओशाळतात. "पोतं बांधायला सांगितलंय मी. हे काय फेकायचं असतंय का? किलोनं जातंय वैनी वेस्ट. बांधत नाहीत, उंदीर फाडतेत, वाऱ्यानं उडतंय, नुकसान माझंच हाय."

"मग झाकणाचा पिंप ठेवा," अक्का म्हणतात.

"पिंप कुठला आता? होते ते सगळे पाण्याला गुंतलेत."

"आज सुटणाराय पाणी," अक्का म्हणतात. "हौद भरून घ्या, मग एक मोकळा होतोय. उद्या सकाळी बघायला येते मी." आणि विड्यांचे कट्टे बगलेत सावरून त्या पुढे चालू लागतात. काका माझ्याकडे बघतात, हसतात, आणि पोराला पोत्याचं तोंड बांधायला सुतळी आणायला पाठवतात.